खांबावरची बाई आणि विलायतेतली सरदारकी

संपादकांचा निरोप आला की, तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याला सगळी नोकरी काढलीत, तेव्हा दिवाळी अंकासाठी वाघ, दरोडे, झालंच तर एखादं भूत, असं काहीतरी खमंग लिहा. वाघ मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो मेलेला होता. दरोडेखोर पाहिले ते कचेरीच्या ओसरीवर बेड्या घालून बसलेले. त्यांतल्या एकाने माझ्याकडे तंबाखू मागितली, मी दिली, तो बरा माणूस होता. भुतांशी मात्र माझा रोजचा संबंध, कारण माझं काम होतं वारस चौकशीचं.

हे काम काय असतं ते आधी सांगतो. माणूस मेला की त्याच्या नावावर जे काही असेल, जमीन, वतन, पाटीलकी, ते पुढे कोणाच्या नावावर चढवायचं हे ठरवावं लागतं. त्यासाठी पेढीनामा करतात. कागदाच्या माथ्यावर मूळ पुरुष, त्याच्या खाली त्याचे मुलगे, त्यांच्या खाली त्यांचे, अशी उतरंड. मेलेल्याच्या नावापुढे फुली. गावचे पंच बसवायचे, त्यांना विचारायचं, जबाब लिहायचे, अंगठे घ्यायचे आणि सगळं लाल रुमालात बांधून साहेबापुढे ठेवायचं. बायकांची नावं या कागदावर क्वचितच येत. आलीच तर नवऱ्याच्या नावाला चिकटून, बारीक अक्षरात. हा शिरस्ता कोणी घातला ते मला ठाऊक नाही. मी मागच्या कारकुनाचे कागद पाहून शिकलो, तो त्याच्या मागच्याचे पाहून शिकला होता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. तापीकाठच्या एका पाटलाने वंशावळ आणली, ती सुंदर अक्षरात लिहून घेतलेली आणि माथ्यावर प्रत्यक्ष सूर्यनारायण. मी टाक शाईत बुडवून अगदी गंभीरपणे विचारलं, "पाटील, यांच्या नावापुढे फुली मारू ना?" पाटील संतापले, कागद घेऊन उठले आणि चार दिवसांनी वरचे नऊ पुरुष कापून परत आले. तर नवापूरकडच्या डोंगरातली एक विधवा माझ्याकडे आली, तिच्या नवऱ्याची दोन नावं होती. जुन्या दफ्तरात जाण्या, आणि ख्रिस्ती झाल्यावर योहान. कागदावर जाण्या मेलाच नव्हता आणि योहान जन्मलाच नव्हता. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो की, हे दोघे भाऊ होते का? शेवटी ती बाई कंटाळून म्हणाली, "भाऊसाहेब, दोन जण व्हतात ते दुसरा मन्हा घर कधी जेवाले कसा नही उना?" तिचं काम त्याच दिवशी झालं.

अशा गोष्टी सांगून मी पुष्कळ बैठका रंगवल्या आहेत. पण एक प्रकरण मी बैठकीत कधी सांगितलं नाही. त्यात हसू माझंच होतं, आणि ते फार दिवस मला पचलं नाही. आज सांगतो.

सातपुड्यात त्या वेळी भिल्ल नाईकांच्या लहान लहान गाद्या होत्या. सरकारी कागदात त्यांना मेवासी म्हणत, त्यांची माणसं त्यांना राजा म्हणत. मोरगव्हाण ही त्यांतली एक अगदी लहान गादी. (गावाचं नाव मी बदललं आहे, नकाशात शोधू नका.) तिथला सुरज्या नाईक वारला. त्याला मुलगा नव्हता. दितली नावाची मुलगी होती, पंचवीस-एक वर्षांची. तिचा नवरा खेमा घरजावई म्हणून तिथेच राहत होता. दुसरा दावेदार सुरज्याचा चुलतभाऊ गुमान. दितली म्हणत होती की गादी माझी. गुमानचं म्हणणं एवढंच की, घरात जवळचा पुरुष मी आहे.

तिथली एक चाल इथे सांगितली पाहिजे. गादीवरचं माणूस गेलं की त्याच्या नावाने गावाबाहेर सागाचा कोरीव खांब उभा करतात. वर सूर्य आणि चंद्र, त्याखाली घोड्यावर बसलेला माणूस. तो खांब उभा करण्याचा मान वारसाचा, किंबहुना खांब उभा करील तोच वारस. आणि खांब उभा होत नाही तोवर मेलेला माणूस पूर्वजांच्या ओळीत उभा राहत नाही, वाटेतच कुठेतरी पडून राहतो, अशी त्या लोकांची पक्की समजूत. दितलीने बापासाठी जंगलातून एक ओंडका आणून ठेवला होता. गुमाननेही भावासाठी एक आणला होता. कचेरीचा हुकूम होता की, निकाल लागेपर्यंत कोणी खांब कोरू नये. म्हणून दोन्ही ओंडके नाईकाच्या अंगणात शेजारी शेजारी पडून होते.

चौकशीला मी गेलो. खापर गावच्या बाजारापर्यंत बैलगाडी, पुढे पायवाट. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली सहा खांब एका ओळीत उभे होते. पंच बसले, गुमान बसला, गावचा पोलीस पाटील दुभाषा म्हणून बसला. दितली जरा लांब, झाडाला टेकून उभी होती. मी खांबांवरून पेढीनामा उतरवायला सुरुवात केली. लेखी दफ्तर तिथे नव्हतंच, हे खांबच त्यांचं दफ्तर. पहिले तीन सरळ गेले. तिसरा खांब बामण्या नाईकाचा. चौथ्यावर मात्र घोडा नव्हता. एका बाईची आकृती होती, पायी उभी, हातात काहीतरी धरलेलं.

मी विचारलं, "हिला नवरा होता का?"

पंच म्हणाले, होता.

"त्याचं नाव?"

"जाहंग्या."

मी लिहिलं: चौथा पुरुष, जाहंग्या नाईक, वल्द बामण्या नाईक. त्याच्या नावाशेजारी बारीक अक्षरात, पत्नी. आणि पंचनाम्यात खांबाचं वर्णन केलं: स्त्रीची आकृती, पायी, हातात पळी. आमच्याकडच्या दगडांवर नवऱ्याशेजारी बायको कोरलेली मी लहानपणापासून पाहिलेली. बाईच्या हातात पळी नसेल तर दुसरं काय असणार?

तेवढ्यात दितली पुढे आली. घरी ती डोंगरातली बोली बोलायची, पण बाजाराला येऊन जाऊन तिला आमची अहिराणी चांगली येत होती. तिने त्या खांबावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "हाई आमनी वेचली माय शे. तिले लिख."

वेचली हे खांबावरच्या बाईचं नाव. त्या लोकांत राजालाही तू म्हणतात, त्यामुळे तिच्या तू-चं मला काही वाटलं नाही. मी कागदाकडे बोट केलं आणि म्हटलं, "लिखं शे, बाई, लिखं शे." खोटं नव्हतंच ते. बारीक अक्षरात लिहिलं होतं.

पाचवा खांब फत्याचा, सहावा दितलीच्या आजाचा. संध्याकाळच्या आत पेढीनामा तयार झाला. बामण्या, त्याचा मुलगा जाहंग्या, त्याचा मुलगा फत्या, अशी बापाकडून मुलाकडे आलेली स्वच्छ ओळ. खाली मी शेरा मारला की, या गादीवर स्त्री बसल्याचा दाखला आढळत नाही. पंचांनी अंगठे दिले. परत येताना वाटेत मी स्वतःवर खूश होतो, कारण इतका नीटनेटका पेढीनामा डोंगरातून सहसा मिळत नाही.

तो कागद प्रांतसाहेबांमार्फत वर गेला, आणि साहेबांनी मला त्याच सुमाराला वेगळ्याच कामाला लावलं.

हे साहेब इंग्रज, पन्नाशीचे, थोडे बहिरे, बायकोपोर नसलेले. शिकार करत नसत, म्हणून बाकीचे अधिकारी त्यांना हसत. त्यांना नाद एकच. इंग्लंडमधली एक फार जुनी पदवी, अर्ल म्हणतात ती, तिचा इतिहास ते लिहीत होते. ती कुठल्या परगण्याची ते मी लिहीत नाही. साहेबांच्या घरच्यांना आवडणार नाही. माझं इंग्रजी अक्षर बरं होतं, म्हणून दौऱ्यावर असताना दुपारी जेवणं झाली की तंबूच्या सावलीत बसून मी त्यांच्या हस्तलिखिताची स्वच्छ नक्कल करायचो. सरकारी काम नव्हतं, पण साहेब चहा पाजत आणि प्रत्येक गोष्ट समजावून सांगत. एवढं समजावून सांगणारा अधिकारी मला पुन्हा भेटला नाही.

अर्ल म्हणजे आपल्या परगण्याच्या देशमुखासारखा, पण फार मोठा. राजा स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला तलवार बांधी. तलवार बांधली की तो अर्ल. पहिल्याने राजासाठी लढाई मारली म्हणून त्याला ही सरदारकी मिळाली. दुसऱ्याने मठ बांधले आणि भावांशी भांडला. तिसरा परमुलखात धर्मयुद्धाला गेला तो परत आलाच नाही. मागे राहिली एक लहान मुलगी. राजाने तिला आपल्या पालनात घेतलं आणि मोठी झाल्यावर आपल्या मर्जीतल्या एका सरदाराशी तिचं लग्न लावून दिलं. तिला कोणी विचारलं असेल असं साहेबांनी लिहिलं नव्हतं, आणि विचारलं असेल असं मलाही वाटत नाही. पुढे तिचा नातू राजावर उलटला, त्याचं डोकं गेलं आणि सरदारकीही गेली. त्याच्या नातवाने दुसऱ्या एका राजाची मनोभावे चाकरी करून ती परत मिळवली. शेवटचा अर्ल तरुणपणीच लढाईत पडला. मूल नाही, दोन बहिणी. दोघींचा हक्क सारखा, म्हणून तिथे पदवी थांबली. त्यांतल्या थोरल्या बहिणीच्या वंशात साहेबांची आजी होती.

मला मनातून मौज वाटायची. मोठमोठ्या किल्ल्यांचे धनी, पण भांडणं सगळी माझ्या ओसरीवरचीच. तोच चुलता, तोच धाकटा भाऊ, तीच बिनमुलाची वहिनी.

एके दिवशी वंशवृक्ष उतरवण्याची पाळी आली. मोठा कागद, आखणी माझी. तिसऱ्या अर्लनंतर मी सवयीने त्या सरदाराचं नाव मुख्य ओळीत घेतलं आणि मुलीचं नाव बाजूला, बारीक. साहेब मागे उभे होते. त्यांनी माझ्या हातातला टाकच धरला. म्हणाले, "नाही, नाही. ओळ तिची. तो बाजूला."

मी म्हटलं, "पण तलवार त्याच्या कमरेला बांधली ना, साहेब?"

"बांधली त्याच्या कमरेला. पण तलवार तिची. तो लग्न करून आला, म्हणून अर्ल. ती नसती तर तो कोण?" आणि त्यांनी लाल शाईची दौत पुढे सरकवली. "तिचं नाव लाल शाईने लिहा. मधोमध. पुढच्या माणसाची चूक होऊ नये."

मी लाल शाईत टाक बुडवला. बाई मधोमध, नवरा बाजूला. बाप, मुलगी, मग तिचा मुलगा. आणि अक्षर पुरं व्हायच्या आतच माझा हात थांबला. मोहाखालची ती ओळ माझ्यापुढे उभी राहिली. त्या ओळीत सहा खांब. बामण्यालाही बायको असणारच होती, फत्यालाही असणारच होती. मग एवढ्या ओळीत दुसऱ्या कोणाचीच बायको कशी नव्हती? तिथे बायकांचे खांब उभे करतच नव्हते. गादीवर बसलेल्यांचेच करत होते. म्हणजे ती बाई कोणाची बायको म्हणून तिथे उभी नव्हती.

नकलेवर लाल शाईचा थेंब पडला. साहेबांना वाटलं, मला ऊन लागलं.

मी चार दिवसांची रजा काढली, घरी सांगितलं की साक्षीदार राहिलेत, आणि पुन्हा डोंगर चढलो. या वेळी पंच बसवले नाहीत. खांबांची पूजा करणारा एक म्हातारा होता, पोह्ऱ्या नावाचा, त्याच्या झोपडीपुढे जाऊन बसलो. त्यालाही बाजारातली अहिराणी येत होती. मी विचारलं, "बाबा, ती वेचली, ती कोननी अंडेर?" म्हणजे कोणाची मुलगी?

"बामण्यानी," म्हातारा म्हणाला. "बामण्याले पोऱ्या नव्हता. वेचली गादीवर बठनी. जाहंग्या घरजावई व्हता."

"मग त्या दिवशी पंच बोलले का नाहीत?"

"तू नवरानं नाव इचारं, त्यास्नी नवरानं नाव सांगं. तू कोननी अंडेर, हाई इचारंच नही."

मी त्याला खांबापाशी घेऊन गेलो. बाईच्या हाताकडे बोट दाखवून विचारलं, ही पळी हातात का दिली?

पोह्ऱ्या हसला नाही, हे त्याचे उपकार. "पळी नही रे. तलवार शे ती. पानीघाई झिजी गई." पावसाच्या पाण्याने झिजलेली. मग त्याने सांगितलं की, घोडाही कोरायचा होता, पण त्या वेळचा कोरणारा अडून बसला की, बाईला घोड्यावर बसवायची चाल नाही. भांडण झालं, शेवटी घोडा गेला आणि तलवार राहिली. मी खाली वाकून पाहिलं. मुठीची आडवी पट्टी बोटाला लागत होती. त्या दिवशी मी चार हातांवरून पाहिलं होतं, आणि माणूस चार हातांवरून आपल्याला ठाऊक असेल तेच पाहतो.

परतताना मी गुमानच्या दारात थांबलो आणि त्याला उघडच विचारलं की, वेचली गादीवर बसली होती हे तुला माहीत नव्हतं का? तो सालस माणूस, जराही गडबडला नाही. म्हणाला, "माहीत व्हतं ना. ती पोऱ्या मोठा व्हईपर्यंत बठेल व्हती, आसं आम्ही मानतंस. माले कोनी इचारंच नही." मग शेजारच्या, नाईकाच्या अंगणातल्या ओंडक्यांकडे पाहून म्हणाला, "कोनाना बी हातघाई व्हवो, भाऊ उभा राहवाले पाहिजे." खांब कोणाच्याही हाताने उभा राहो, त्याला सुरज्याची काळजी होती, आणि ती खरी होती.

कचेरीत येऊन मी शिरस्तेदारांना, म्हणजे आमच्या हेडकारकुनांना, सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "पंचांचे अंगठे आहेत ना? तुझी सही आहे ना?"

"आहे."

"मग विषय संपला. स्वतःचाच पंचनामा खोटा म्हणून लिहून देणार? उद्या तुझा प्रत्येक पेढीनामा लोक उकरून काढतील. बढतीचं नाव काढू नकोस मग."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. घरी आई होती, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, बढतीची यादी त्याच वर्षी निघायची होती. मी दोन दिवस काहीच केलं नाही. गप्प बसलो असतो तरी कोणाला कळलं नसतं. दितलीलाही कळलं नसतं. तिला तर मी 'लिखं शे' म्हणून सांगितलंच होतं. तेच वाक्य मला जेवू देईना. शपथेवर खोटं बोलणारे मी शेकड्याने पाहिले होते. एका बाईने विश्वासाने खांबावर हात ठेवून सांगितलं आणि मी तिला खऱ्या शब्दांनी फसवलं, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला. पहिली चौकशी सदोष असून दोष माझा आहे, असं पहिल्याच ओळीत घातलं. मग नवा पेढीनामा काढला. साहेबांच्या वंशवृक्षाला वापरला होता तसलाच मोठा कागद घेतला, तशीच आखणी केली, आणि वेचलीचं नाव मधोमध, लाल शाईने लिहिलं. जाहंग्या बाजूला.

दुपारी तंबूत साहेबांपुढे दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरले. तिकडे बाप, मुलगी, मुलीचा मुलगा. इकडेही तेच. दोन्हीकडे लाल अक्षरं एकाच उंचीवर आली होती. ते मी मुद्दाम केलं होतं, नाकबूल करत नाही.

साहेबांनी आधी आपला कागद पाहिला, मग दुसरा. मग माझा अहवाल वाचला. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता उखडणार. कुठे त्यांचे अर्ल आणि कुठे मोरगव्हाण.

"हे तुम्ही मुद्दाम असं ठेवलं?"

"हो, साहेब."

"आणि ही पहिली चूक? पळी?"

"माझी, साहेब. मी नवऱ्याचं नाव विचारलं. बापाचं विचारलं नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हळूहळू बोलले, त्यांच्या त्या अडखळत्या मराठीत. त्यांच्या आजोबांनी बायकोच्या बाजूने, त्या बंद पडलेल्या पदवीवर हक्क सांगितला होता. अर्ज परत आला, कारण मधल्या एका जुन्या नोंदीत त्या वंशातल्या एका बाईला अमक्याची बायको एवढंच लिहिलेलं होतं. कोणाची मुलगी, ते लिहिलेलंच नव्हतं. आजोबा त्या एका ओळीपायी म्हातारे झाले, वडीलही झाले, आणि आता ते स्वतः. "तिथे पण कोणी कारकून होता," साहेब म्हणाले. "त्याने पण नवऱ्याचं नाव विचारलं असेल. फक्त तो परत नाही गेला."

मी कागद गोळा करायला लागलो. ते म्हणाले, "राहू द्या. दोन्ही."

त्यांनी शिफारस लिहिली की, या गादीवर स्त्री बसल्याचा स्पष्ट दाखला असून दितली हीच वारस आहे. माझ्याबद्दल लिहिलं की, या कारकुनाने चूक केली व ती स्वतः कळवली. या वाक्याचा अर्धा भाग वरच्यांनी वाचला असावा, कारण त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. पुढच्या वर्षीही नव्हतं. शिरस्तेदार मला कधी 'मी म्हणालो नव्हतो?' असं म्हणाले नाहीत, ही त्यांची माणुसकी.

वरून हुकूम यायला वेळ लागला. माझा पहिला पेढीनामा वरच्या कचेरीत गुमानच्या बाजूने नोंदला गेला होता, ती नोंद फिरवायला पहिल्या चौकशीपासून दोन पावसाळे गेले. हुकूम घेऊन मी स्वतः मोरगव्हाणला गेलो. वाटलं होतं, बाई आनंदून जाईल. दितलीने कागद हातात घेतला, उलटा सुलटा पाहिला, नवऱ्याकडे दिला आणि मला अंगणात नेलं. तिच्या ओंडक्याला पायाने जरा ढकललं. खालून भुसा पडला. दोन पावसाळ्यांत वाळवीने तो पोखरून काढला होता.

"तुन्ही पळीघाई," ती म्हणाली, "मन्हा बाप दोन वरीस पडेल ऱ्हायना."

पोह्ऱ्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती ओरडली नाही. रडली, पण माझ्यापुढे नाही, तोंड फिरवून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आणलेला हुकूम बरोबर होता, त्यावर शिक्का होता, आणि त्या अंगणात त्याची किंमत त्या भुशाएवढी होती.

गुमानचा ओंडका दगडांवर ठेवलेला होता, म्हणून वाचला होता. तोच पुढे आला. म्हणाला, नवं लाकूड आणायला नको, माझं घे. दितलीने खांब कोरून घेतला, आणि उभारताना पहिला खांदा गुमानने दिला.

साहेब पुढल्याच हिवाळ्यात निवृत्त होऊन मायदेशी गेले. जाताना त्यांनी आपल्या वंशवृक्षाची कच्ची प्रत, ती लाल थेंबाची, मला दिली. त्यांची पदवी त्यांना मिळाली नाही, मिळाली असती तर त्यांनी मला कळवलं असतं. पण माझ्या शिकवणीचं काम त्यांनी पुरं केलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही पेढीनामा असा केला नाही की, ज्यात प्रत्येक बाईपुढे 'कोणाची मुलगी' हे लिहिलेलं नाही. नवे कारकून हसत. म्हणत, तात्यांचा कागद लग्नपत्रिकेसारखा दिसतो.

दितली नाईकाने गादी चांगली चालवली. बाजाराला आली की कचेरीच्या ओसरीवर यायची, आणि काहीही काम नसलं तरी मला विचारायची, "काय रे भाऊसाहेब, पळी कसी शे?" आजूबाजूच्यांना वाटे, ती माझ्या बायकोचं नाव घेते आहे. मी सगळ्यांसमोर हात जोडायचो.

गेल्या फाल्गुनात ती गेल्याचा निरोप घेऊन खेमा आला. सांगितलं की, खांब उभा करायच्या दिवशी तुम्ही यायचंच, तुम्ही आल्याशिवाय काम अडेल. माझे गुडघे आता डोंगरापुढे हात टेकतात. तरी गेलो, शेवटचा चढ दोघांच्या खांद्यावर हात टाकून.

मोहाखाली सगळं गाव जमलं होतं. खड्डा खणून खांब आत सोडलेला, चार माणसं तो धरून उभी. माती बाजूला रचलेली, पण कोणी लोटत नव्हतं. खांबावर घोडा कोरलेला होता, एवढा थोरला की सूर्य-चंद्राला वर सरकून बसावं लागलं होतं. घोड्यावर बाई. तिच्या हातात जे होतं ते घोड्याच्या मानेपासून शेपटापर्यंत लांब होतं.

दितलीची मुलगी माझ्यापाशी आली. नवी गादी तिची. तिने माझा हात धरून मला अगदी खांबाला भिडवलं, हातभरावर.

"माय सांगी गई," ती म्हणाली, "पहिले भाऊसाहेबले इचारा, मन्हा हातमा काय शे. त्यानी बरोबर सांगं, मंगच माटी लोटा."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. खांब धरलेली माणसंही माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसून लावला, पण तो लगेच पुन्हा ओला झाला. मग बोटांनी चाचपलं. पातं, मूठ, मुठीची आडवी पट्टी.

"तलवार," मी म्हटलं.

त्यांनी माती लोटली.